हॅम रेडिओचा अँटेना घरी लावायचाय? मग गच्चीवरच्या या गोष्टी आधी समजून घ्या

२६ डिसेंबर २००४ ची सकाळ. सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी मोठा भूकंप झाला आणि पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने अंदमान-निकोबार बेटांचा बाकीच्या देशाशी असलेला संपर्क तोडून टाकला. टेलिफोन बंद, वीज बंद. कोणत्या बेटावर कोण जिवंत आहे, हे दिल्लीला कळायला मार्ग नव्हता.

त्या वेळी पोर्ट ब्लेअरच्या एका हॉटेलात भारती प्रसाद नावाच्या हॅम रेडिओ ऑपरेटर होत्या. त्या बचावकार्यासाठी आलेल्या नव्हत्या. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओ या संस्थेची टीम अंदमानातून जगभरातल्या हौशी रेडिओ ऑपरेटरांशी बोलण्याच्या मोहिमेवर आली होती. 'व्हीयू४आरबीआय' या कॉलसाइनवर त्या महिन्यात हजारो संपर्क झाले होते. भूकंपानंतर त्याच रेडिओवरून त्यांनी मुख्य भूमीवरच्या हॅम मंडळींना निरोप द्यायला सुरुवात केली. पुढे कार निकोबारलाही असंच एक स्टेशन उभं राहिलं. अडकलेल्या लोकांची खुशाली त्यांच्या घरच्यांपर्यंत पोहोचली ती या रेडिओंमुळे.

ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. पण तिच्यातला एक मुद्दा सुटतो. त्या दिवशी अँटेना आधीच लावलेला होता, तो नीट चालत होता आणि रोज वापरात होता. संकट आल्यावर बाजारात जाऊन तार आणायची वेळ आली नाही.

हॅम रेडिओ म्हटलं की लोक विचारतात, "सेट कोणता घेऊ?" पण सेट विकत मिळतो. अँटेना मात्र आपल्या गच्चीवर, आपल्या पावसात, आपल्या सोसायटीच्या परवानगीने उभा करावा लागतो आणि वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो. स्टेशन वेळेला कामी येणार की नाही, हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

हॅम रेडिओ म्हणजे नेमकं काय?

पैसे कमावण्यासाठी नाही, तर हौस, प्रयोग आणि मदतीसाठी परवाना घेऊन चालवला जाणारा रेडिओ म्हणजे ॲमॅच्युअर किंवा हॅम रेडिओ. यात मधे मोबाइल टॉवर नाही की इंटरनेट नाही. तुमचा सेट, तुमचा अँटेना आणि समोरच्याचा अँटेना, एवढ्यावर बोलणं होतं. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून भारतातल्या विद्यार्थ्यांशी गप्पा मारल्या, त्याही हॅम रेडिओवरूनच.

भारतात यासाठी दूरसंचार विभागाच्या 'वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन' म्हणजे डब्ल्यूपीसी या शाखेचा परवाना लागतो. वय किमान १२ वर्षं हवं. रेडिओचं तंत्र आणि नियम यावर परीक्षा असते. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत. पास झाल्यावर कॉलसाइन मिळतं, ते साधारणपणे रिस्ट्रिक्टेडला 'व्हीयू३' आणि जनरलला 'व्हीयू२' असं सुरू होतं.

परवान्याशिवाय ट्रान्समिट करणं गुन्हा आहे. ऑनलाइन स्वस्तात वॉकी-टॉकी मिळतात म्हणून त्या वापरायला मोकळ्या आहेत, असं समजू नका. परवाना आणि फ्रिक्वेन्सीची माहिती न देता असे सेट विकले जातात म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा धाडल्या होत्या. म्हणून क्रम असा ठेवा: आधी परीक्षा, मग परवाना, मग सेट.

तार किती लांब हवी? गणित दोन ओळींचं आहे

घरच्या अँटेनांमध्ये सगळ्यात सोपा आणि भरवशाचा प्रकार म्हणजे डायपोल. सारख्या लांबीच्या दोन तारा, मधोमध केबल, दोन्ही टोकांना दोरी. बस्स.

तारेची लांबी फ्रिक्वेन्सीवर ठरते. १४२.५ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. भारतात लोकप्रिय असलेल्या ४० मीटर पट्ट्यासाठी ७.१ मेगाहर्ट्झ धरा. उत्तर येतं साधारण २० मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला १० मीटर. २० मीटर पट्ट्यासाठी, म्हणजे १४.२ मेगाहर्ट्झला, याच्या निम्मी तार पुरते.

तार कोणती? घराच्या वायरिंगला वापरतात ती १.५ किंवा २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते. वरचं प्लास्टिक काढायची गरज नाही. फक्त प्लास्टिक असलेल्या तारेची लांबी गणितापेक्षा किंचित कमी भरते.

तार कापताना एक नियम लक्षात ठेवा. लांब तार कमी करता येते, आखूड तार वाढवायला जोड द्यावा लागतो. त्यामुळे प्रत्येक बाजू साडेदहा मीटर कापा, लावा, मोजा आणि मग कमी करत या. ७ मेगाहर्ट्झला जुळलेला अँटेना ७.१ वर आणायचा असेल तर प्रत्येक बाजूला साधारण १४ सेंटिमीटर कमी करावे लागतात. तेही लगेच कापू नका. टोक मागे दुमडून तारेवरच गुंडाळा, मोजून बघा, पटलं तर तसंच ठेवा.

एसडब्ल्यूआर: हा आकडा काय सांगतो?

सेटमधून निघालेली शक्ती अँटेनाने पूर्ण घेतली तर उत्तम. जुळणी नीट नसेल तर काही भाग परत फिरतो. किती फिरतो, ते एसडब्ल्यूआर या आकड्यावरून कळतं.

- १.५ असेल तर साधारण ४ टक्के शक्ती परतते. काळजी नको.
- २ असेल तर साधारण ११ टक्के. चालून जातं.
- ३ असेल तर २५ टक्के. इथे बरेचसे सेट स्वतःला वाचवायला आपोआप शक्ती कमी करतात.

हे मोजायला एसडब्ल्यूआर मीटर किंवा नॅनोव्हीएनए नावाचं खिशात मावेल असं छोटं यंत्र मिळतं. अँटेना लावल्याच्या दिवशीचे आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी काही बिघडलंय का, हे ओळखायला याच आकड्यांचा आधार असतो.

एक सावधगिरी. एसडब्ल्यूआर कमी आहे म्हणजे अँटेना छान आहे, असं नसतं. पाणी शिरलेली केबल परत येणारी शक्ती वाटेतच खाते. मग मीटरवर आकडा सुंदर दिसतो आणि समोरच्याला आवाज जात नाही. म्हणून एसडब्ल्यूआर अचानक 'सुधारला' तरी केबल तपासायची.

किती उंच लावायचा?

याचं उत्तर तुम्हाला कुणाशी बोलायचंय यावर आहे.

परदेशात बोलायचं असेल तर अँटेना जितका उंच तितका फायदा. पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात बोलायचं असेल तर ४० मीटरचा डायपोल फार उंच असायची गरजच नाही. जमिनीपासून ५ ते १० मीटरवरचा डायपोल बहुतेक शक्ती सरळ वर फेकतो. दिवसा आकाशातला आयनांबर म्हणजे आयनोस्फिअरचा थर ती खाली परतवतो आणि आजूबाजूच्या काहीशे किलोमीटरच्या परिसरात संदेश मिळतो. कोल्हापूर ते नाशिक हे सरळ रेषेत साधारण ३७० किलोमीटर अंतर अशा कमी उंचीच्या तारेचंच काम आहे. मधले सह्याद्रीचे डोंगर आड येत नाहीत, कारण लहर वरून येते. रात्री आयनांबर बदलतो, तेव्हा हेच अंतर अवघड होतं.

१४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या २ मीटर पट्ट्यावर मात्र उलट आहे. तिथे लहर जवळपास नजरेच्या रेषेत जाते. हातात धरलेल्या सेटला रेडिओचं क्षितिज साधारण ५ किलोमीटरवर असतं, तर २० मीटर उंच गच्चीवरच्या अँटेनाला ते १८ किलोमीटरपर्यंत जातं. डोंगरावर किंवा उंच इमारतीवर रिपीटर असेल तर पल्ला आणखी वाढतो.

डायपोलला दोन उंच खांब मिळाले नाहीत तर एकच खांब मधोमध लावून तारा दोन्ही बाजूंना उतरत्या बांधता येतात. याला 'इन्व्हर्टेड व्ही' म्हणतात. दोन तारांमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी ठेवू नका. टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत एवढी, किमान अडीच-तीन मीटर वर हवीत. डायपोलमध्ये सगळ्यात जास्त व्होल्टेज टोकांनाच असतं आणि ट्रान्समिट चालू असताना तिथे हात लागला तर भाजतं. गच्चीवर कपडे वाळत घालायला येणाऱ्यांना हे माहीत असण्याचं कारण नाही. त्याची काळजी ऑपरेटरनेच घ्यायची.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करायचं?

गच्ची सगळ्यांची असते. त्यामुळे सोसायटीची लेखी परवानगी आधी, तार नंतर. अर्जासोबत परवान्याची प्रत, अँटेना कुठे बसेल त्याचं साधं चित्र आणि खांब कसा बांधणार याची माहिती द्या. विमानतळाजवळ राहत असाल तर उंचीचे वेगळे नियम लागू होतात, तेही बघून घ्या.

सभेत दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "याने आम्हाला रेडिएशन होईल का?" हॅम सेट मोबाइल टॉवरसारखा दिवसरात्र चालत नाही. बोलायचं बटण दाबलं तेव्हाच तो शक्ती सोडतो. तरीही तारा लोकांच्या वावरापासून लांब ठेवायच्या आणि गरजेपेक्षा जास्त शक्ती वापरायची नाही, हा नियमच आहे.

दुसरा प्रश्न जास्त खरा असतो. "गच्ची गळायला लागली तर?" यासाठी स्लॅबला भोकच पाडायचं नाही. वॉटरप्रूफिंगचा थर एकदा फुटला की वरच्या मजल्यावरच्या घरात पाणी उतरतं आणि अँटेना कायमचा खाली येतो. जुन्या टायरमध्ये किंवा डब्यात सिमेंट ओतून त्यात पाइप रोवला तर भोक न पाडता खांब उभा राहतो. तीन बाजूंनी ताणाच्या दोऱ्या हव्यातच. पाण्याच्या टाकीला किंवा तिच्या पाइपला मात्र काही बांधू नका.

गच्ची मिळालीच नाही तर बाल्कनी आहे. २ मीटर पट्ट्याचा ग्राउंड प्लेन अँटेना बनवायला ४९ सेंटिमीटरची एक उभी दांडी आणि खाली तिरप्या उतरणाऱ्या चार दांड्या पुरतात. तो लोखंडी ग्रिलच्या आत ठेवू नका. जाळीमागे ठेवलेला अँटेना पिंजऱ्यात ठेवल्यासारखाच असतो. बाहेर काढताना मात्र तो खाली पडणार नाही असा पक्का बांधा, कारण खाली रस्ता असतो.

केबलमध्ये कंजुषी केली तर?

सेट आणि अँटेना यांच्यामधल्या कोॲक्सियल केबलकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. आणि शक्ती तिथेच गळते.

आरजी-५८ ही बारीक केबल स्वस्त असते. ४० मीटर पट्ट्यावर ३० मीटर केबल टाकली तरी फारसं बिघडत नाही. पण तीच ३० मीटर केबल २ मीटर पट्ट्यावर वापरली तर सेटमधून निघालेल्या शक्तीपैकी जेमतेम पाव हिस्सा अँटेनापर्यंत पोहोचतो. बाकीची शक्ती केबल गरम करण्यात जाते. तेवढ्याच लांबीच्या आरजी-२१३ या जाड केबलमधून निम्म्याहून जास्त शक्ती पोहोचते. म्हणजे केबल बदलली तर सेट न बदलता शक्ती दुप्पट झाल्यासारखी होते. शिवाय ऐकतानाही तोच फायदा मिळतो.

केबल लावताना या गोष्टी पाळा.

- घरात शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या. पावसाचं पाणी झोलावरून खाली टपकतं, खिडकीतून आत येत नाही.
- बाहेरचा प्रत्येक कनेक्टर झाका. पीएल-२५९ हा नेहमीचा कनेक्टर वॉटरप्रूफ नसतो. स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि तिच्यावर साधी इन्सुलेशन टेप लावा. नुसती साधी टेप पहिल्या उन्हाळ्यात सुटते.
- केबलचं वजन कनेक्टरवर लटकू देऊ नका. दोरीने किंवा क्लॅम्पने वेगळा आधार द्या.
- केबल करकचून वाकवू नका. आतली तार बाजूला सरकते.

जीव जातो तो इथे

हॅम रेडिओतला सगळ्यात मोठा धोका रेडिओत नाही, विजेच्या तारांमध्ये आहे. रस्त्याकडेच्या ११ हजार व्होल्टच्या तारा बहुतेक ठिकाणी उघड्या असतात. खांब उभा करताना तोल गेला आणि लोखंडी पाइप त्यांना टेकला तर धरणारा वाचत नाही. म्हणून खांब जितका उंच असेल त्याच्या किमान दीडपट अंतर विजेच्या तारांपासून सोडा. तो कोणत्याही दिशेला पडला तरी तारेपर्यंत पोहोचता कामा नये. अँटेनाची तार विजेच्या तारांच्या वरून किंवा खालून कधीच न्यायची नाही. एकट्याने काम करू नका. ओल्या गच्चीवर आणि वाऱ्यात तर अजिबात नको.

दुसरा धोका आकाशातल्या विजेचा. मराठवाडा आणि विदर्भात पावसाळ्याच्या आधीच्या वळवाच्या पावसात वीज पडून दरवर्षी माणसं आणि जनावरं दगावतात. गच्चीवरचा खांब अशा वेळी आजूबाजूच्या गोष्टींपेक्षा उंच असतो.

- खांबाला स्वतंत्र अर्थिंग द्या आणि ते घराच्या अर्थिंगला जोडा. दोन अर्थिंग वेगवेगळी राहिली तर विजेच्या वेळी त्यांच्यात व्होल्टेजचा मोठा फरक पडतो आणि तो सेटमधून वाट काढतो.
- प्लगमधल्या न्यूट्रलला अर्थ समजून वायर जोडू नका. हा थेट शॉक लागण्याचा मार्ग आहे.
- केबल घरात शिरते तिथे लाइटनिंग अरेस्टर बसवा. जवळपास वीज पडल्यावर येणाऱ्या झटक्याला तो आवर घालतो. वीज थेट अँटेनावर पडली तर त्याच्या भरवशावर राहता येत नाही.
- सगळ्यात खात्रीचा उपाय फुकट आहे. ढग यायच्या आधी केबल सेटपासून काढा आणि तिचं टोक घराबाहेर ठेवा. नुसती काढून टेबलावर ठेवली तर वीज टेबलापर्यंत येते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेलं 'दामिनी' ॲप आजूबाजूला वीज पडत असल्याचा इशारा देतं. ते फोनमध्ये ठेवा. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती धोक्याच्या अंतरावर आहे, असं धरतात. अशा वेळी केबलला हात लावायलाही जाऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

आतल्या सेटचं काय?

१०० वॉटचा सेट १३.८ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतो आणि ट्रान्समिट करताना २० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. त्यामुळे पुरवठ्याची वायर जाड आणि आखूड हवी आणि बॅटरीजवळच फ्यूज हवा. बॅटरीची शॉर्ट झालेली वायर पेटायला वेळ लागत नाही.

सेटच्या मागचा पंखा आणि झरोके दर एक-दोन महिन्यांनी मऊ ब्रशने साफ करा. पावसाळ्यात सेट वापरात नसेल तर सिलिका जेलच्या पुड्या घालून झाकून ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा. आतल्या उबेने ओल सुकते.

शहरातली मोठी अडचण म्हणजे खरखर. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, वायफायचे अडॅप्टर, सोलर इन्व्हर्टर, सगळे ४० मीटर पट्ट्यावर आवाज करतात. कारण शोधायची सोपी रीत आहे. सेट बॅटरीवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत तो पकडा. वायरीवर फेराइटचे कडे चढवले की बराच आवाज कमी होतो. उलट, तुम्ही बोलताना शेजाऱ्यांचा स्पीकर गुणगुणत असेल तर हाच फेराइट त्यांच्या वायरीवर लावून द्या. भांडणापेक्षा स्वस्त पडतो.

देखभाल: पावसाळ्याआधी आणि नंतर

अँटेना एकदा लावला की झालं, असं वाटतं. महाराष्ट्रातला पाऊस तसं राहू देत नाही. कोकणात तर समुद्राची खारी हवाही आहे. तिथे तांबं हिरवं पडतं आणि साधे लोखंडी क्लॅम्प एक-दोन वर्षांत गंजतात. तिकडे स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट आणि जीआय पाइपच वापरा.

वर्षाचं वेळापत्रक साधारण असं ठेवता येईल.

संक्रांतीनंतर: तारेत आणि दोऱ्यांत अडकलेले पतंग आणि मांजा काढा. मांजा वाऱ्याने घासत राहिला तर ताणाच्या दोऱ्या कापतो.

मे महिन्यात: दोऱ्या तपासा. नायलॉनची दोरी उन्हाने ठिसूळ होते, हाताने चोळल्यावर भुकटी निघाली तर बदला. कनेक्टरवरची टेप बघा आणि गरज असेल तर नव्याने गुंडाळा. नटबोल्ट आवळून त्यांना ग्रीस लावा. अर्थिंगचा जोड घासून स्वच्छ करा. एसडब्ल्यूआर मोजून जुन्या आकड्यांशी ताडून बघा.

पावसाळ्यात: आकडा अचानक बदलला तर पाणी शिरल्याचा संशय घ्या. पाऊस उघडल्यावर आणि वीज चमकत नसतानाच वर जा.

दिवाळीआधी: केबल दोन्हीकडून सोडा आणि मल्टिमीटरने तपासा. मधली तार आणि बाहेरची जाळी यांचा एकमेकींशी संबंध दिसता कामा नये. मग एका टोकाला दोन्ही जोडून दुसऱ्या टोकाला मोजा, आता रीडिंग शून्याच्या जवळ हवं. कनेक्टर कापल्यावर आतली जाळी काळी पडलेली दिसली तर पाणी आत गेलंय. ते जाळीतून लांबवर झिरपतं. अशी केबल वाळवून उपयोग नाही, बदलावीच लागते.

वीज गेल्यावर चालतं का, हे आधीच बघा

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम ऑपरेटर मदतीला पोहोचले होते. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईतले फोन कोलमडले होते. अशा दिवशी घरात वीज असेल, हे गृहीत धरता येत नाही.

हिशोब सोपा आहे. १०० वॉटचा सेट बहुतेक वेळ ऐकत आणि थोडा वेळ बोलत वापरला तर सरासरी ३ अँपिअरच्या आसपास करंट जातो. इन्व्हर्टरची १०० अँपिअर-तासांची लेड ॲसिड बॅटरी तिचं आयुष्य राखायला निम्मीच वापरायची असते. म्हणजे १५-१६ तास मिळतात. शक्ती १०० वरून २५ वॉटवर आणली तर समोरच्याच्या मीटरवर आवाज फक्त एका 'एस युनिट'ने उतरतो. अँटेना नीट असेल तर बऱ्याचदा त्याला फरक जाणवतही नाही. बॅटरी मात्र जास्त वेळ टिकते.

हे आकडे कागदावर आहेत. खरे आकडे तुमच्या घरचे. म्हणून महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून तासभर फक्त बॅटरीवर स्टेशन चालवा. देशातले हॅम रोज सकाळी ४० मीटर पट्ट्यावर 'नेट' भरवतात, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर जमून हजेरी लावतात. त्यात बोला आणि समोरच्याला रिपोर्ट विचारा. कुठला कनेक्टर सैल आहे, बॅटरी किती वेळात बसते, घरातल्या दुसऱ्या कुणाला सेट चालू करता येतो का, हे सगळं त्या एका तासात कळतं. घरच्यांना सेट बंद करणं आणि केबल काढून बाहेर ठेवणं तरी शिकवून ठेवा. वळवाचा पाऊस तुम्ही ऑफिसात असतानाच येतो.

परीक्षेचा अभ्यास काही आठवड्यांत होतो, सेट कुरिअरने घरी येतो. वीस मीटर तार, थोडी दोरी, चांगली केबल आणि वर्षातून चार वेळा गच्चीवर चढायची तयारी, एवढं ज्याच्याकडे आहे त्याचं स्टेशन फोन बंद पडल्यावरही बोलतं.